भोंगाकाकाचा चेहरा

लहान मुलं जेवताना मोबाईलवर ज्या गोष्टी बघतात, त्यांतली पात्रं मी काढतो. पात्र म्हणजे सगळे तुकडे. डोकं वेगळं, भुवया वेगळ्या, दंड वेगळा, पंजा वेगळा आणि वर आठ तोंडं: 'आ'चं, 'ऊ'चं, ओठ मिटलेलं 'म'चं. कॉम्प्युटरवर सांधे जोडले की ते चालायला-बोलायला लागतं. एका पात्राला दोन दिवस मिळतात. त्यामुळे कल्पनाबिल्पना करत बसायला वेळ नसतो, समोर दिसेल तो माणूस उचलायचा.

मागच्या वर्षी आमचे शेठ योगेंद्रभाई गुजरातीत म्हणाले, "लोकेश, एक कॉमेडी काका जोईए. जोतां ज हसवुं आवे." बघताच हसू येईल असा काका शोधायला मला डोकं खाजवावं लागलं नाही. डिंडोलीच्या आमच्या दोन खोल्यांत तो काका रोज माझ्यासमोर बसून भाकरी खात होता.

माझे वडील, भिवा. नवागामच्या लूमच्या खात्यात, म्हणजे यंत्रमागाच्या कारखान्यात, त्यांना चौतीस वर्षं झाली. तिथल्या खडखडाटात कान गेले, आणि कान गेलेल्या माणसाला आपला आवाज किती मोठा ते कळत नाही. ते मीठ मागतात तेव्हा गल्लीला ऐकू जातं. ओठ वाचायला मान पुढे काढतात, नाही कळलं की उगाच "हो हो" करतात. मी ती मान घेतली, तो "हो हो" घेतला, उतरलेला उजवा खांदाही सोडला नाही. कान तेवढे सुपाएवढे केले. नाव ठेवलं भोंगाकाका.

भोंगाकाका तुफान चालला. योगेंद्रभाईंनी पेढे वाटले. एक पेढा मी बाबांना नेऊन दिला. कशाचा म्हणून त्यांनी विचारलं, तर "काम आवडलं" एवढंच बोललो. बापाला विकून बापालाच पेढा चारला, मी असा थोर माणूस. पुढे गल्लीतली पोरं खांदा पाडून चालायला लागली, तेव्हा मी खिडकी लावून घ्यायचो.

एका संध्याकाळी बाबा खात्यातून आले आणि चप्पलही न काढता म्हणाले, "तुह्या हापिसातला तो भोंगाकाका तूच काढला का?"

मी हो म्हणून मान हलवली.

"आपल्या दगाचं चित्र काढलं तू! तसाच वरडते तो, मान काढून. आज खात्यात सगळे मोबाईल पाहून हासले. मी बी हासलो. मंग लाज वाटली." ते खाली बसले. "माणसाचे कान काय हौसेनं जातात? त्याले किती वाईट वाटलं असन. उद्या जाय अन् माफी माग."

दगाकाका त्यांच्या शेजारच्या लूमवर असतात. खरं सांगायला तेवढा एक क्षण पुरेसा होता. मी तो जाऊ दिला आणि "बरं" म्हणालो.

सकाळी खात्याबाहेर चहाच्या टपरीवर दगाकाका उभे होते. त्यांचेही कान गेलेले, ओठ दिसल्याशिवाय त्यांना काही कळत नाही. त्यामुळे मान खाली घालून माफी मागायची सोयच नव्हती. त्यांच्या तोंडाकडे बघून बोलावं लागलं. "काका, तो भोंगाकाका... बाबांना वाटतंय, तुम्ही आहात."

त्यांनी बशी खाली ठेवली. एरवी गडगडणारा माणूस इतकं हळू बोलला की मलाच त्यांच्या ओठांकडे बघावं लागलं.

"सगळास्नी भिवाले वळखं, भाऊ. मोबाईल फिरत फिरत भिवाकडे उना. मंग मीच सांगं त्याले, हाऊ मी शे म्हनीसन. आते तू तोंड उघडू नको."

बाबांना कळू नये म्हणून 'तो भोंगाकाका मीच' असं त्यांनी स्वतःच सांगून टाकलं होतं. मला वाटलं, त्यांनी दोन मुस्काटात मारल्या असत्या तर बरं झालं असतं.

तेवढ्यात बाबा टपरीवर आले आणि रस्ताभर ऐकू जाईल असे ओरडले, "मागितली का रे माफी?"

मी तोंड उघडायच्या आतच दगाकाका मान हलवून म्हणाले, "मागी, मागी."

बाबांचं तेवढ्यानं समाधान झालं नाही. ते पुढे झाले आणि सगळ्यांदेखत त्यांनी दगाकाकांपुढे हात जोडले.

"पोरगं चुकलं, दगा. त्याच्या वतीनं मी बी माफी मागतो."