तेल बंद, भात चालू

माझ्या बायकोला मधुमेह आहे. गोळ्यांवर साखर बरी राहायची, पण रक्तातली चरबी, म्हणजे ट्रायग्लिसराइड, दीडशेच्या आत हवी ती तीनशे दहा निघाली. तिची मोठी बहीणही मधुमेहाचीच पेशंट, हृदयविकारानं गेली. म्हणून तो आकडा पाहून मी हादरलो.

चरबी म्हणजे तेल-तूप, एवढंच मला ठाऊक. घरातली फोडणी बंद केली. मटण बंद, तलावातले मासेही बंद. मग पोट कशानं भरायचं? आमच्याकडे आजाऱ्याला तांदळाची पेज देतात, आणि धान घरचंच. सकाळी पेज, दुपारी भात, रात्री भात. हलकं अन्न, असं मी येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत असे.

तीन महिन्यांनी साकोलीला पुन्हा रक्त तपासलं. चारशे वीस! साखरही वाढलेली.

"लॅबची चूक असेल," मी डॉक्टरीणबाईंना म्हणालो. "घरात तेलाचा थेंब नाही."

त्यांनी मला सोडून तिलाच विचारलं, "काकू, दिवसभर खाता काय?"

"पेज. मंग भात. मंग अजून भात. यायले विचारा, हेच वाढून राहिले."

मग बाईंनी सावकाश समजावलं. भाताची शरीरात साखर होते. इन्सुलिन नीट काम करत नसलं, की लिव्हर जास्तीच्या साखरेची चरबी करून रक्तात सोडतं.

"काका, थोडं तेल चालते. भात अर्धा करा. मासे, डाळ, भाजी वाढवा." एक गोळीही त्यांनी बदलली.

बाहेर आल्यावर मी बायकोला म्हणालो, "भाताचा एवढा वीट आला होता तर बोलली काहून नाही?"

"बोलली ना! तुमाले आकडेच आयकू येते, बायको नाही."

मी रिपोर्टची घडी घालून खिशात ठेवली.

परवाचा आकडा एकशे ऐंशी आला. पाहिजे त्यापेक्षा तीस जास्त, हे मी लगेच बोलून दाखवलं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, आता काळजी कमी करा.

त्यांचे उपकार मी मानतो. खाता काय, एवढं विचारायला त्यांनी वेळ काढला. मेहुणीला ते कोणी विचारलं होतं की नाही, कोण जाणे.

"तीस राहिले तं राहू द्या," दवाखान्यातून बाहेर पडताना बायको म्हणाली. "बाजार उठाच्या आधी मासे घेऊ."

ती झपाझप पुढे निघाली. मी पिशवी घेऊन मागे.