नसलेल्या बोटीचा तपास

तो तपास आठवला की मला अजून सुक्या बोंबलांचा वास येतो. नोकरीत खून पाहिले, दरोडे पाहिले. पण आता दुपारी जरा डोळा लागला की मनात येते ती अर्नाळ्याची ही केस, जिच्यात गुन्हाच नव्हता.

मी तेव्हा वसईत गोपनीय शाखेत होतो. वरिष्ठ कार्यालयाकडून संदेश आला. अर्नाळ्यातला एक फोन रोज संध्याकाळी समुद्रातल्या ठिकाणांचे अक्षांश-रेखांश पाठवतो, आणि ते घेणारा फोन सतत देश बदलतो. चौकशी करून अहवाल द्या. हे कुणा खबऱ्याने सांगितलं नव्हतं. सरकारची अजस्र यंत्रं कुठेतरी थंडगार खोल्यांत बसून अख्ख्या देशाचे निरोप चाळत असतात, त्यांनी हे आकडे वेगळे काढले होते. आकड्यांमागचा माणूस शोधायला मात्र आमच्याच चपला झिजायच्या.

फोन पन्नाशीच्या एका कोळ्याचा निघाला. मत्स्यव्यवसाय खात्यात विचारलं, तर त्याच्या नावावर बोटच नाही. माझे कान टवकारले. बोट नाही आणि रोज समुद्रातली ठिकाणं कळवतो? निरोप घेणारा त्याचा धाकटा भाऊ होता, परदेशी मालवाहू जहाजावर खलाशी. माझ्या अहवालात 'संशयास्पद' एवढा एक शब्द गेला असता तरी त्या भावाचे कागद अडकले असते आणि नोकरी गेली असती.

थोरल्याला ठाण्यात बोलावलं. स्टेशन डायरीला नोंद केली, पाणी दिलं. चौकशीत मी आधी गप्प बसतो. मनात काळंबेरं असलेला माणूस ती शांतता सहन न होऊन बडबडायला लागतो. हा बसला आपला, खिडकीबाहेर बघत. शेवटी मलाच विचारावं लागलं.

"बोट कुणाची?"

"बोट नाय, साहेब."

"मग आकडे कसले?"

"घरचं हाय. वाईट काय नाय त्यात. पन सांगनार नाय."

"तुमच्या भावाची नोकरी जाईल."

आता तो हलला. "घरी चला. दाखवतो. पन त्याला कळायला नको."

त्याच्या घराबाहेर बोंबील वाळत होते. आतल्या खोलीत, क्रोशाच्या रुमालाखाली, मागून पोट सुटलेला जुना कॉम्प्युटर. मला हसूच फुटलं. आमच्या ठाण्यात पहिला कॉम्प्युटर आला तेव्हा आम्ही त्याला हार घातला होता, नारळ फोडला होता, आणि धूळ नको म्हणून त्या खोलीत बूट काढून जायचो. काळ्या पडद्यावर हिरवी अक्षरं उगवेपर्यंत हवालदारापासून साहेबांपर्यंत सगळे श्वास धरून उभे असायचे. किती निरागस दिवस होते ते! आपण यंत्राकडे बघायचो, ते आपल्याकडे बघत नसे. थोरल्याने बटण दाबलं आणि आम्ही दोघेही तसेच थांबलो.

पडद्यावर हिरवे ठिपके उमटले. किनारा, समोरचा किल्ला, आणि पाण्यात हळूहळू सरकणारा एक ठिपका. तरुणपणी विरारच्या क्लासमध्ये शिकलेल्या प्रोग्रामिंगवर त्याने हे स्वतः रचलं होतं. तो रोजचा वारा आणि भरती-ओहोटी त्यात भरायचा. मग यंत्र बोट बाहेर काढायचं, जाळं टाकायचं, काय लागलं तेही सांगायचं.

"बापाची बोट ही," तो म्हणाला. "आईच्या आजारपनात विकली. भावाला बोललो नाय. ह्या बोटीवर परत यायचं, एवढ्यावर तो तिकडं दिवस काढतो. रोज विचारतो, दादा, आज कुठं गेलास? काय सांगू त्याला?"

मी बराच वेळ तो ठिपका बघत राहिलो. दुपारचं ऊन, माशांचा वास, पंख्याची घरघर. मला क्षणभर इंजिनाचा आवाजही आला. सरकारच्या एवढ्या ताकदवान यंत्रांनी या म्हाताऱ्या यंत्राचं स्वप्न पकडून माझ्या टेबलावर आणून ठेवलं होतं. पण एकाच्या सांगण्यावर केस मिटवता येत नाही. दोघांना वेगवेगळं विचारायचं, हा आमचा जुना रिवाज. बोटीचं काही बोलणार नाही असा शब्द देऊन मी अंगणात गेलो आणि भावाला फोन लावला.

"तुमचे दादा रोज आकडे पाठवतात, ते कशाचे?"

पलीकडून हलक्या आवाजात, "साहेब, दादा जवळ हाय काय?"

"नाही."

"बोट विकली, ठाऊक हाय मला. मामानं तवाच सांगितलं. पन दादाला बोलू नका. मी विचारायचं बंद केलं तर तो बोलनार कोनाशी? आनि खरं सांगू, साहेब? हितं केबिनमधे डोळे मिटून मी पन जातो त्याच्यासंगती."

फोन ठेवला. आत गेलो तर थोरला दारातच उभा होता, चेहरा उतरलेला.

"काय म्हनला?"

"आज तुम्ही कुठं गेलात ते कळवा म्हणाले."

त्याचा चेहरा उजळला आणि तो वाऱ्याचे आकडे भरायला बसला. मी खरा तोच अहवाल दिला: बोट नाही, ठिकाणं कल्पनेतली, गुन्हा नाही. केस बंद झाली.

जन्मभर मला खोटं उघडं पाडायचेच पैसे मिळाले. इथे दोन भाऊ एकमेकांचं खोटं जिवापाड जपत होते, आणि दोन्ही बाजू ठाऊक असलेला मी एकटाच होतो. फार जड वाटायचं ते.

निवृत्तीनंतर अर्नाळ्याला मासे घ्यायला गेलो, तेव्हा थोरला भेटला. भाऊ कायमचा परत आला होता.

"सांगितलंत का बोटीचं?" मी विचारलं.

"वेळच आली नाय, साहेब. आला नि पयला शब्द हाच, दादा, आता नवीन बोट घेऊया. जुनीचं नाव पन काढलं नाय त्यानं." मग तो म्हणाला, "त्याला कधी कळलं असंल काय हो?"

मी त्याच्या डोळ्यांत बघितलं आणि काहीच बोललो नाही. त्या केसने मला तेवढं शिकवलं होतं.