मालकीणबाईंची मान

माझे भावोजी दिवसभर पाठीवर पडून काम करतात. त्यांचं गाड्यांचं गॅरेज आहे. छोटी चाकं लावलेल्या फळीवर उताणं पडायचं, पायानं ढकलत गाडीखाली सरकायचं आणि तिथूनच ओरडून पाना मागायचा, यात त्यांची उमर चाललीय. म्हणून त्यांची तान्ही मुलगी पोटावर पडायला राजी नाही म्हटल्यावर ताईनं निकाल देऊन टाकला.

"बापावर गेलीय. उताणं पडूनच जग बघायचं!"

पण ते हसण्यावारी नेण्यासारखं नव्हतं. लसीच्या दिवशी नर्सबाईंनी मुलीला हातांना धरून अलगद उठवलं, तर मान मागेच लोंबत राहिली. डोकंही मागून जरा चपटं दिसत होतं.

"झोपवायची पाठीवरच," त्या म्हणाल्या, "पण जागी असली की पोटावर ठेवा, समोर बसून. मान, खांदे, पाठ, सगळं त्यानंच भरतं. पुढच्या लसीपर्यंत फरक दिसला नाही, तर मोठ्या डॉक्टरांना दाखवू."

परत येताना भावोजींचं रस्त्यावरच्या गाड्यांकडे लक्ष नव्हतं. एरवी पुढच्या गाडीच्या नुसत्या आवाजावरून तिचा आजार सांगायची त्यांना खोड आहे.

दुसऱ्याच दिवशी ते खास मुलीसाठी गादी घेऊन आले. स्पंजची, जाडजूड. हात ठेवला की मनगटापर्यंत आत.

"एवढी कशाला?" ताई म्हणाली. "राजकन्या आहे का ती?"

"मालकीणबाई आहेत. फरशी टोचेल."

मालकीणबाईंना पोटावर ठेवलं की त्या हातपाय झाडायच्या, नाक गादीत खुपसायच्या आणि टाहो फोडायच्या. नाक दबू नये म्हणून आम्ही डोळ्यांत तेल घालून शेजारी बसायचो आणि लगेच उचलायचो. मी तेव्हा पहिल्या नोकरीसाठी त्यांच्याकडेच राहत होते. पंपांचे आराखडे काढायचं काम होतं, त्यामुळे भावोजी मला 'इंजिनियर' म्हणायचे, तेही जरा लांबवून.

मग एक गंमत लक्षात आली. भावोजी जमिनीवर आडवे होऊन तिला छातीवर पालथी ठेवायचे, तेव्हा ती डोकं उचलायची. क्षणभरच, पण उचलायची. गादीवर ठेवली की पुन्हा रडारड.

"छातीवर जमतं आणि गादीवर नाही. असं का गं, इंजिनियर?"

"तुमचा वास येत असेल."

"बघू या."

बिघाड शोधताना एका वेळी एकच गोष्ट बदलायची, हा भावोजींचा गॅरेजमधला नियम. तो घरात लागू झाला. पहिल्यांदा त्यांचा शर्ट गादीवर अंथरला. वास तोच, रडणंही तेच. मग चेहरा. भावोजी तिच्यासमोर पालथे पडले, बहुतेक आयुष्यात पहिल्यांदाच, आणि मान वर करून तिला हाका मारायला लागले. थोड्याच वेळात त्यांनी कपाळ फरशीला टेकलं.

"अगं, मान भरून आली माझी! हिला काय सांगतोय मी?"

छातीतले ठोके ऐकू येत असतील, ही माझी शंका. टॉवेलात गुंडाळलेलं घड्याळ मी गादीखाली सरकवलं. मालकीणबाई रडायच्या थांबल्या, गाल टेकवून ऐकत राहिल्या. डोकं उचलायचं नाव नाही.

"झोपायला लागली ती," ताईनं तिला उचलून पाठीवर वळवलं. "तुमचं संशोधन संपलं की सांगा. लस जवळ आलीय."

भावोजींचा चेहरा उतरला.

त्याच आठवड्यात मी त्यांचा डबा द्यायला गॅरेजवर गेले होते. शेजारच्या मोकळ्या जागेत, नुकत्याच टाकलेल्या मातीच्या भरावावर एक सामानाची गाडी टायर फुटून थांबली होती. भावोजी जॅकचा दांडा फिरवत होते. गाडी काही वर येईना, जॅकच खाली रुतत चालला होता. सवयीनं त्यांनी एक फळी उचलून जॅकखाली सारली, पुन्हा दांडा फिरवला आणि गाडी उठली. पण भावोजी तिथेच थबकले.

"गादी!" ते ओरडले.

"कसली गादी?" ड्रायव्हर वैतागला. "चाक बघा ना माझं."

"जोर लावतेय हो ती! कोपरं टेकून जोर लावतेय, पण तो सगळा खाली जातोय. माझी छाती कशी, घट्ट आहे." त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "रोज फळी देतो मी जॅकला. आणि पोरीला स्पंज!"

संध्याकाळी गादी भिंतीला उभी राहिली. फरशीवर चादरीची पातळ घडी घातली आणि वर मालकीणबाई, दूध पिऊन बराच वेळ झालेल्या आणि खुशीत असलेल्या. भावोजी समोर पालथे. तिनं आधी कुरकुर केली. मग कोपरं चादरीवर टेकली, खांदे थरथरले आणि डोकं हळूहळू, डुगडुगत वर आलं. तिनं बापाच्या मिशीकडे असं पाहिलं, जणू हे प्रकरण तिला आजच कळलं. मग गाल टपकन खाली.

"उचललं! पाहिलंस?"

"मी भाजी ढवळत होते," ताई आतून धावत आली. "पुन्हा करायला सांगा!"

मालकीणबाईंनी ऐकलं नाही. पण दुसऱ्या दिवशी उचललं, तिसऱ्या दिवशी जास्त वेळ. दमली की आम्ही लगेच उचलून घ्यायचो.

लसीला नर्सबाईंनी तिला टेबलावर पालथी ठेवली. तिनं मान ताठ केली आणि त्यांच्या चष्म्याकडे टक लावून पाहिलं.

"अरे वा! काय केलंत?"

"जॅकखाली फळी दिली," भावोजी म्हणाले.

नर्सबाईंनी माझ्याकडे पाहिलं.

"मऊ गादी काढली," मी सांगितलं.

"मग बरोबर. मोठ्या डॉक्टरांची गरज नाही आता. असंच चालू ठेवा."

परत येताना भावोजींनी वाटेतल्या प्रत्येक गाडीचा आजार सांगितला.

ती गादी आता गॅरेजात आहे. भावोजींनी ती कापून आपल्या चाकांच्या फळीवर बसवलीय. जाडी इतकी की गाडीखाली सरकलं की नाक वर टेकतं. "काढून टाका ना," मी म्हटलं.

"नको," गाडीखालून आवाज आला. "मालकीणबाईंची आहे. पाना दे."