फुंकरदादांची पाटी

दगडात अक्षरं कोरणारे पुष्कळ असतील, पण कोरलेल्या अक्षरावर फुंकर मारावी ती आमच्या फुंकरदादांनीच. छिन्नीचे तीन ठोके, मग एक फुंकर. भुकटी उडायची आणि अक्षर डोळे उघडायचं. चाळीस वर्षं हा ताल चुकला नाही. कुणी ब्रश पुढे केला तर म्हणायचे, "झाडू घराला. अक्षराला नाही."

अलीकडे मात्र एका फुंकरीचं काम तीन फुंकरींवर गेलं होतं. आत भाजी चिरता चिरता वहिनी मोजायच्या.

"आज चारवर गेलात हो!"

"दगड चिवट आहे."

"दगड नाही, मालक चिवट आहे. जिन्यावर धापा कोण टाकतं, दगड?"

दादा पुढचं अक्षर कोरायला घेत. छातीचं कुणाला कळलं तर छिन्नी सुटेल, हीच धास्ती. छिन्नी गेल्यावर त्यांच्यापाशी उरणार काय, तर नुसत्या मिशा!

अशात सरकारी काम आलं. दगडाच्या धुळीने फुप्फुसं कशी खराब होतात, याच्या संशोधनाला सरकारने पैसा दिला होता. तपासणीची खोली तयार होती, तिच्या दाराशी लोकांना जागं करणारी पाटी हवी होती. मजकूर असा: 'कोरडी धूळ उडवू नका. दगड ओला ठेवा. दम लागत असेल तर लपवू नका, आत या.'

दादांनी जीव ओतून पाटी कोरायला घेतली. कोरडीच. अक्षरागणिक फुंकर मारून.

काम बघायला त्या संशोधनाच्या डॉक्टरबाई घरी आल्या, तेव्हा ते 'लपवू'वर वाकलेले. खोकला आला, तो गिळायला गेले आणि छिन्नी हलली. उकाराची शेपटी वाकडी झाली. तरी गाल फुगवून फुंकर मारलीच.

"अक्षरं सुरेख आहेत," बाई म्हणाल्या. "पण वाचलीत का?"

"आम्ही कोरतो, बाई. वाचायचं गिऱ्हाईकाने."

दाराआड वहिनी खुदकन हसल्या.

बाईंनी पिशवीतून एक नळीचं यंत्र काढलं. "एक फुंकर इथे मारा बरं."

फुंकरीचंच आव्हान म्हटल्यावर दादा कसले मागे हटतात! मिशीवर हात फिरवून फुंकले. आकडा बघून बाई गंभीर झाल्या.

"असायला हवी त्याच्या निम्मीच आहे."

दादांनी छिन्नी फडक्यात गुंडाळायला घेतली.

"ती का गुंडाळता?"

"सुटली ना आता?"

"सुटली ती फुंकर. आधी फोटो काढू छातीचा, औषध ठरवू. मग मास्क बांधून, ओल्या दगडावर, थोडं थोडं काम जमतं का बघू. आणि दर तीन महिन्यांनी तपासणीच्या खोलीत येऊन फुंकायचं. अभ्यासाला तुमच्यासारखीच माणसं हवीत, आणि सगळी लपून बसलीत."

आता वहिनी शेजारी पाण्याचा डबा घेऊन बसतात. तीन ठोके झाले की मास्कआड दादांचे गाल सवयीने फुगतात, आणि वहिनींचा पहिला हबका दगडाऐवजी त्यांच्याच तोंडावर पडतो.

ती शेपटी दादांना अजून खुपते. खाणीतल्या एकेका गड्याला धरून आणतात, तपासणीच्या दाराशी उभं करतात आणि तिच्यावर बोट ठेवतात.

"बघ, खोकला लपवला की काम असं बिघडतं. चल आत."