डोंगराच्या भेगेवरची सुतळी

बहरीनला निघालो त्या सकाळी आबांनी मला एसटीच्या थांब्यावर न नेता आधी घरामागच्या डोंगरावर नेलं. मी नवी पँट, नवे बूट घातलेला, आणि हे आपले काट्याकुट्यांतून पुढे. वर डोंगराला एक भेग होती. तिच्या दोन्ही काठांवर खुंट्या ठोकून त्यांनी मध्ये सुतळी बांधली होती, जरा सैलच. "डोंगर आधी सांगतो, मग येतो," ते म्हणाले. "सुतळी ताणली की बिऱ्हाड उचलायचं. तू नसशील, पण म्हाईत असू दे." मग बॅग त्यांनीच डोक्यावर घेतली. एसटी सुटली तेव्हाही ते माझ्याकडे नाही, डोंगराकडेच बघत होते. मला रागच आला होता.

शांते, तू माझी पाठची बहीण, तुला हे सगळं ठाऊक आहे. आषाढात सुतळी ताणली की आपली वाडी अंथरुणं, भांडी, शेरडं घेऊन वहाळाच्या पाण्यापलीकडच्या समाजमंदिरात जायची, पाऊस उघडेपर्यंत. सपाटीची जागा गावाची, डोंगराचा पायथा बौद्धवाडीचा. ते कुणी ठरवलं हे विचारायची सोय नव्हती. लहानपणी आपल्याला त्या मुक्कामाची मजा वाटायची. मोठा झाल्यावर मला त्याची लाज वाटू लागली.

इथे मी ड्राफ्ट्समन. गुदैबियात चौघांत एक खोली, आणि दिवसभर ऑफिसात बोर्डावर वाकून दुसऱ्यांचे व्हिला काढायचे. या देशात चढ असा नाहीच. इथल्या सगळ्यात उंच डोंगराला आबांनी बांध म्हटलं असतं. सनद नावाच्या इथल्या गावात एका साइटवर मी फोरमनला विचारलं, मागची जमीन बघितली का? तो म्हणाला, "भाई, इधर पहाड मफी, टेन्शन मफी." मफी म्हणजे इथल्या बोलीत 'नाही'. मीही हसलो. दोन वर्षांत मलाही तसंच वाटायला लागलं, की जमीन सपाटच असते आणि घर पडलं तर सिमेंट कमी पडल्यामुळेच पडतं.

त्याच बोर्डावर लंच ब्रेकमध्ये मी आपलं घर काढलं. मातीच्या भिंती खलास. कॉलम, बीम, वर स्लॅब. जागा मात्र तीच, डोंगराच्या पोटाशी. वाडीतलं पहिलं स्लॅबचं घर. घर उभं राहिल्यावर आबांनी फोटो पाठवला, त्यात ते दारात छाती काढून उभे आणि आई कडेला अर्धी कापली गेलेली.

आता तुला कधी सांगितलं नाही ते लिहितो.

त्या आषाढात शुक्रवारच्या सुट्टीला मी बाब अल बहरीनजवळच्या बूथवरून गावच्या वाण्याकडे फोन लावला. आबा ठरल्या वेळी येऊन बसलेले. म्हणाले, "सुतळी ताणलीय रे. आज समाजमंदिरात जातो." आणि मी काय बोललो? "आबा, एवढं स्लॅबचं घर बांधून दिलं, आणि तुम्ही अजून भांडी डोक्यावर घेऊन जाणार? लोक काय म्हणतील? स्लॅबला काही होत नाही. मी रोज हेच काम करतो." ते म्हणाले, "बरं. तू शिकलेला हायस." फोन ठेवून मी बाजारात आईसाठी साडी बघायला गेलो.

दरड दुसऱ्या दिवशी सकाळी आली. आई शेरडं घेऊन समाजमंदिरात गेली होती, आबा घरी राहिले होते. इमर्जन्सी लीव्ह घेऊन मी पोचलो तोवर सगळं आटोपलं होतं. घर जागेवर नव्हतं, खाली शेताच्या टोकाला होतं. आणि स्लॅब तुटला नव्हता. चिखलात तिरका पडलेला, पण अखंड. मी बरोबर बोललो होतो. त्याच्याखालून आबांना काढायला माणसांना अर्धा दिवस लागला.

तू तेव्हा सगळ्यांदेखत आईला म्हणालीस, "स्वतः निघून गेलीस आणि आबांना एकटं टाकलंस." ती ऐकून घेत राहिली. नंतर वहाळावर मला म्हणाली, "हाताला धरून ओढलं रे त्यांना. म्हणाले, पोराचं मन मोडंल. पण तू हे कुणाला सांगू नको. तुला लांब जाऊन जगायचंय." मी मान हलवली. आबांना अडवलं ती माझी चूक होती, पण ही मान हलवली तो नुसता भेकडपणा.

इथे आपली बरीच माणसं आहेत. घराचा प्लॅन काढून मागतात. मी आधी विचारतो, मागे काय आहे? कुणी डोंगर आहे म्हणाला तर पेन्सिल खाली ठेवतो आणि त्याला आबांची गोष्ट सांगतो. परक्यांना सांगता आली, तुलाच सांगता आली नाही.

आई इकडे यायला तयार नाही. तीन वर्षं ती सरकारी पत्र्याच्या शेडमध्ये एकटी राहतेय, तुझ्या महाडपासून तासाभरावर, आणि तू तिचं तोंड बघत नाहीस. मला कुणी घर विचारलं की मी गुदैबियाचा फ्लॅट नंबर सांगतो, पण तो नुसता पत्ता आहे. आता आई अंथरूण टाकील ते माझं घर, आणि ते तिला माझ्यापायी एकटीनं टाकावं लागतंय. आषाढ महिन्यावर आलाय. शांते, तुझा राग माझ्यावर काढ, जन्मभर बोलू नकोस हवं तर. पण जा आणि आईला तुझ्या घरी घेऊन ये.