मडफ्लॅपसाठी गाडीत बसवलेली माणसं

आपल्या छोट्या गाडीला चाकांमागे चिखल अडवणारे रबरी मडफ्लॅप का लागले, हे तुमच्या बाबाला मी फोनवर सांगितलं नव्हतं. "आजोबांनी घरीच बसवले," एवढंच मी म्हणाले. "मग आता गॅरेजला कधी नेणार?" म्हणून तो हसला. तुम्हाला मात्र सगळं लिहिते आहे. त्यात माझाही वाटा आहे, आणि बोलताना तेवढाच भाग मी हळूच गाळला असता.

समोरच्या बाई तुम्हाला आठवतील. जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झालेल्या. मागच्या मे महिन्यात तुम्हाला ओंजळभर जांभळं देऊन "बिया मोजून परत आणा" म्हणाल्या होत्या, त्याच. रोज सकाळी आजोबांचा पेपर वाचून झाला की तो त्यांच्याकडे जायचा. आजोबांनी अर्धवट सोडवलेलं शब्दकोडं त्या पुरं करायच्या, आणि चुकलेल्या शब्दांना लाल गोल करून पेपर परत पाठवायच्या. आजोबा चिडायचे. "निवृत्त झाल्या, पण लाल पेन काही खाली ठेवलं नाही." पण एखाद्या दिवशी पेपर उशिरा परत आला की फाटकाशी चार चकरा मारायचे.

आषाढी पौर्णिमेला आम्ही खालापूरला आजोबांच्या डोळ्यांच्या डॉक्टरांकडे निघालो होतो. उशीर झाला होता, आणि तो माझ्यामुळे. जुन्या तपासण्यांची फाइल मी नीट ठेवली होती, इतकी नीट की सापडेना. ओढ्यावरच्या मोरीच्या अलीकडे रस्त्यात नेहमीचं डबकं आहे. समोरून टेंपो आला, आजोबांनी गाडी डावीकडे घेतली, आणि पुढचं चाक त्या डबक्यातून गेलं.

कडेने बाई चालल्या होत्या. पौर्णिमेला विहारात जाताना त्या पांढरी साडी नेसतात. मी बाजूच्या आरशात पाहिलं. त्या दोन्ही हात अंगापासून लांब धरून उभ्या होत्या. लहान मुलाला नवे कपडे घातले की ते धरतं ना, तसे.

"थांबू या," आजोबा म्हणाले.

"डॉक्टर निघून जातील," मी म्हणाले. "संध्याकाळी जाऊन सांगू."

माझ्या मांडीवरच्या फाइलवर पाणी उडालं होतं. म्हणून मी माझ्या बाजूची काच वर केली.

संध्याकाळी पाऊस कोसळत होता आणि वीज गेलेली होती. दुसऱ्या दिवशी पाहुणे आले. तिसऱ्या दिवशी मी म्हणाले, आता इतक्या उशिरा काय सांगायचं? चौथ्या दिवशी पेपर समोर नेला, तर बाईंनी दारातूनच सांगितलं, "मी दुसरा सुरू केलाय." आणि दार लोटलं.

बाकीचं आम्हाला आपल्या दूधवाल्याकडून कळलं. तो कडावहून मोटरसायकलवर येतो आणि दुधाबरोबर सगळ्या घरांच्या बातम्याही मापून घालतो. त्या दिवशी विहारात ग्रंथवाचनाची पाळी बाईंची होती. त्या घरी परतून साडी बदलून पोचल्या, तोवर दुसऱ्याच कुणीतरी वाचून संपवलं होतं.

"बाई बोलल्या," दूधवाला म्हणाला, "का चिखलाचं काय नाय, पावसात उडायचाच. पन साहेबांनी बघितलं आनि काच वर केली."

आजोबांनी माझ्याकडे पाहिलं. मी काहीतरी बोलेन म्हणून ते थांबले असावेत. मी दूध घेऊन आत गेले.

दोन दिवसांनी ते कुंभिवलीच्या रस्त्यावरच्या दुकानातून चार मडफ्लॅप घेऊन आले. दुकानदार तासाभरात बसवून देतो म्हणत होता, पण यांनी ऐकलं नाही. बरोबर इंग्रजीत छापलेला सूचनांचा कागद होता. मी खुर्ची टाकून तो क्रमाने मोठ्याने वाचायला बसले.

"एक. चाकावरची कमान आतून स्वच्छ धुऊन कोरडी करा."

"धुतली."

"कोरडी केली का?"

"पावसाळ्यात? तूच ये फुंकर मारायला."

"दोन. स्टिअरिंग पूर्ण वळवा, म्हणजे चाकामागे हात जाईल."

तोपर्यंत त्यांनी हात घालून मनगटाला खरचटूनही घेतलं होतं. पुढचे दोन बसवायला पूर्ण सकाळ गेली. एक स्क्रू गटारात पडला, तो त्यांनी चिमट्याने शोधून काढला. मागचे दोन दुपारी बसले. टेप लावून दोन्ही जमिनीपासून सारख्या उंचीवर आणले होते. एरवी भिंतीवरचं कॅलेंडर सरळ लावता न येणारा माणूस! मी कौतुक केलं तर म्हणाले, "हे बाईंना दिसलं पाहिजे." म्हणजे हे सगळं कशासाठी चाललं होतं, ते त्यांनी तेव्हा उघड सांगितलं.

दुसऱ्या दिवशी कडावहून तांदळाची पोती आणली, आणि फाटकासमोरच्या गतिरोधकावर मागून मोठा खर्र आवाज झाला. एक मडफ्लॅप घासून दुमडला होता. बाईंनी खिडकीतून ते पाहिलं, आणि पडदा ओढून घेतला.

"साहेब, रिकाम्या गाडीवर माप घेतलं काय?" दूधवाल्याने विचारलं. "मानसं बसली का गाडी खाली बसते. भरून माप घ्यायचं असतं. आमच्यात पोरगं पन सांगंल."

सूचनांच्या कागदावर हे कुठेच नव्हतं. मी दोनदा पाहिलं.

मग आजोबांनी ठरवलं, की गाडीत माणसं भरायची आणि मागचे दोन्ही नव्याने बसवायचे. दूधवाल्याला पुढे बसवलं. तो दुधाचा कॅन मांडीवर घेऊनच बसला. मागे मी. माझ्या शेजारची जागा रिकामी.

"तांदळाचं पोतं ठेवू," मी म्हणाले.

"पोतं ठेवून चालेल," आजोबा म्हणाले, आणि नजर समोरच्या घराकडे वळवली.

मी उतरले आणि बाईंच्या दारावर टकटक केली. इतक्या वर्षांत त्या दारावर मी कधी टकटक केली नव्हती, हाक मारून सरळ आत जायचे. काय हवंय ते सांगितल्यावर बाई म्हणाल्या, "म्हणजे मी वजन म्हणून हवी आहे?"

"हो," मी म्हणाले.

"येते. पण बोलणार नाही."

त्या येऊन बसल्या, पर्स मांडीवर ठेवून सरळ समोर बघत. आजोबा मागे जमिनीवर गोणपाट पसरून आडवे झाले. टेपचा आवाज, स्क्रू सैल केल्याचा आवाज.

"बाई," मी म्हणाले, "त्या दिवशी काच मी वर केली. यांनी नाही."

त्यांनी मान वळवली नाही.

"हे थांबू या म्हणाले होते. मीच नको म्हटलं. डॉक्टरांची वेळ होती."

"अगं, आता ते कशाला..." चाकामागून आवाज आला.

"तुम्ही माप घ्या, साहेब," बाई म्हणाल्या.

"आमी उतरू काय जरा?" दूधवाल्याने विचारलं.

"बसा तिथंच. वजन कमी होईल."

तो बसला. बाई माझ्याकडे वळल्या. "ताई, तुम्हाला मी दिसले नसते तर काहीच नव्हतं. पण तुम्ही मला ओळखलंत. पांढरी साडी बघून मी कुठं निघालेय तेही ओळखलंत. आणि तरी गेलात. तेवढंच लागलं मला."

मला खुलासा करता आला असता. फाइल, उशीर, पाऊस, वीज, पाहुणे, सगळं क्रमाने तयार होतं. पण त्या म्हणाल्या तसंच झालं होतं. ओळखलं होतं, आणि तरी गेलो होतो. मी म्हणाले, "चुकले, बाई. आणि मग दहा दिवस गप्प बसले, ते त्याहून चुकलं."

मागून आजोबा म्हणाले, "आम्ही दोघंही."

बाईंनी पर्सची चेन उघडली, परत लावली. "बरं," म्हणाल्या. "झालं का तुमचं बसवून? मग आता हे चालतं का ते बघू या. ताई, पांढरं काहीतरी नेसून या."

मला वाटलं, चेष्टा करतायत. पण आजोबा अंगावरची माती झटकत उठले आणि अगदी गंभीरपणे म्हणाले, "बाईंचं बरोबर आहे. चाचणी हवी." मी पांढरी साडी नेसून फाटकापलीकडच्या डबक्याशी उभी राहिले. दूधवाल्याच्या दुधासाठी अख्खी आळी खोळंबली होती, पण तो काही हलला नाही. बाई आजोबांच्या शेजारी बसल्या. पहिल्या वेळी गाडी हळू आली. माझ्या चपलेवर चार थेंब.

"आता त्या दिवशीच्या वेगानं," बाईंचा आवाज ऐकू आला.

मी कमरेपर्यंत भिजले. माझे हातही आपोआप अंगापासून लांब गेले.

गाडी थांबली. बाई उतरून माझ्यापाशी आल्या आणि पदर हातात घेऊन नीट पाहिला. हसल्या नाहीत. "वाळू देऊ नका," म्हणाल्या. "आधी नुसत्या पाण्यात टाका, साबण नंतर. मी आधी साबण लावला, म्हणून माझा डाग गेला नाही." मग आजोबांकडे वळून: "रबरानं काय होतं, साहेब? हळू चालवा."

"हळूच चालवतो," आजोबा म्हणाले, आणि तिथं उभ्या असलेल्या आम्हा तिघांपैकी कुणालाच ते पटलं नाही.

पुढच्या पौर्णिमेला आजोबांनी सकाळपासून गाडी पुसून ठेवली. "विहारात सोडतो," म्हणाले. बाई म्हणाल्या, "मी चालत जाते." त्या निघाल्या, आणि आम्ही पहिल्या गिअरमध्ये त्यांच्या मागे. मोरीपर्यंत तसेच गेलो. मागे दोन टेंपो हॉर्न वाजवत होते, आणि एक एसटीही. शेवटी बाई थांबल्या. "एक तर पुढे जा, नाहीतर दार उघडा. लोकांना वाटेल माझी वरात काढलीय."

मी उतरून पुढची जागा त्यांना दिली आणि मागे बसले. डबक्यापाशी आजोबांनी गाडी इतकी हळू घेतली की बंदच पडली. वाचायची पाळी त्या दिवशी दुसऱ्या एका मुलीची होती. पण बाई वेळेवर आलेल्या पाहून त्या मुलीने पुस्तक त्यांच्यापुढे सरकवलं. आम्ही दाराजवळच्या सतरंजीवर बसून ऐकलं. बाईंनी चष्मा लावला, एकदा सगळ्यांवरून नजर फिरवली, वर्गात फिरवतात तशी, आणि वाचायला सुरुवात केली.