मापाच्या टोप्या

"डोकं पुढं करा," असं म्हणून मावशी गिऱ्हाइकाच्या कपाळाभोवती सुतळी फिरवायच्या आणि दोन टोकं जुळली तिथे गाठ मारायच्या. फितीवर त्यांचा विश्वास नव्हता. "अंदाजानं पोत्याचं तोंड शिवावं, माणसाचं कापड न्हाई," हे त्यांचं ठरलेलं वाक्य.

सेलूला स्टेशनाजवळ त्यांची माझी भिंत एकच होती. मी मालधक्क्यावर कारकून. वजनात पावशेराची चूक मला खपत नसे. म्हणून आमचं जमलं. एरवी त्यांच्या तोंडाला सगळेच भीत. अशी शेजारीण तुम्हीही पाहिली असेल.

बहात्तरच्या दुष्काळानंतरची गोष्ट. नाताळ जवळ आला होता. कापसाच्या जिनिंगपलीकडच्या वस्तीतली ख्रिस्ती मंडळी दरवर्षी आपल्याच वस्तीत हलगीवर गाणी म्हणत. त्या वर्षी लाल टोप्या घालून बाजारपेठेतून गात जायचं त्यांनी ठरवलं. पेठेतला शिंपी त्या वस्तीतल्या माणसांना हात लागू नये म्हणून लांबूनच माप घ्यायचा. "कापड ठेवून जा," तो म्हणाला, "डोकी काय, सगळी सारखीच." त्यांनी कापड उचललं आणि मावशींकडे आणलं.

मावशींनी गाणाऱ्या चौदाही जणांना ओट्यावर, रस्त्याकडे तोंड करून बसवलं. हलगीवाला अवघडला. "मावशी, डोकं तेलकट हाय."

"मग? माझी सुतळी काय सोवळ्यातली हाय? कर पुढं."

मशीनही त्यांनी ओट्यावरच मांडलं. दुसऱ्या दिवशी कापडवाल्या शेठजींची बायको आली. तिच्या मुलीच्या लग्नाची पोलकी मावशींकडे होती.

"ह्या टोप्या आत बसून शिव गं. समदी पेठ बघायलीय. न्हाईतर आमची पोलकी परत दे."

मावशींनी गाठोडं सोडलं. "दोन कापलेली हायत, ती शिवून देते. बाकीची ही घ्या, बाई."

"तू तर बौद्ध. तुझा कुठं सण हाय ह्यो?"

"सण त्यांचा. टोपी माझी."

संध्याकाळी मी समजावलं, की लग्नसराई तोंडावर आहे, शेठाणी फिरली म्हणजे सगळी गल्ली फिरली.

"बाबू, तुमी वजनं बघा, माप मी बघते," त्या म्हणाल्या. "ल्हानपणी माझं पोलकंबी असंच लांबून बघून शिवलं व्हतं. खांद्यावरून घसरायचं. एका हातानं डोक्यावरची पाटी धरायची, एका हातानं खांदा."

त्या गडबडीत एक चूक झाली. नवं कापड भिजवून वाळवल्याशिवाय त्या कात्री लावत नसत. ते लाल कापड तेवढं कोरंच कापलं.

नाताळच्या आदल्या दिवशी, दिवेलागणीला, मंडळी गात पेठेत शिरली. शेठजींच्या दुकानासमोर येताच माडीवरून दोन-तीन बादल्या पाणी खाली आलं. हलगी थांबली. टोप्यांचा रंग सुटून कपाळावरून गालांवर ओघळला.

पानटपरीवरून कोणीतरी ओरडलं, "आरारारा, गुलाल! कोण निवडून आलं रे?"

पेठ हसली. मावशी सगळ्यांच्या मागे चालत होत्या, त्या पुढे आल्या. उरलेल्या तुकड्यांची टोपी त्यांच्याही डोक्यावर होती आणि चेहरा तसाच लाल.

"आमी," त्या माडीकडे बघून म्हणाल्या. "वाजीव रे."

भिजलेली हलगी बद्द वाजत होती, म्हणून बाकीच्यांनी टाळ्या धरल्या. पूर्ण गाणं झाल्याशिवाय तिथून कोणी हललं नाही.

गल्लीतलं एकही पोलकं पुढे मावशींकडे आलं नाही. दोन हंगाम त्यांनी जिनिंगमध्ये दाभणाने पोत्यांची तोंडं शिवली. "इथं अंदाज चालतो," म्हणून हसायच्या. पण दर नाताळात टोप्या ओट्यावरच शिवल्या, कापड आधी भिजवून. आणि मंडळी दरवर्षी पेठेतूनच गेली.

आता मावशी नाहीत. टोप्या परभणीहून तयार येतात, सगळ्या एकाच मापाच्या. गाणारे एका हाताने त्या सावरत चालतात. हलगीवाल्याच्या डोक्यावर मात्र ती पहिलीच टोपी असते, विटून गुलाबी झालेली. शेठजींच्या दुकानासमोर तो थांबतो आणि दोन्ही हातांनी वाजवतो. टोपी डोळ्यांवर येत नाही.